घोडा काय म्हणतो

दाऊदभाई टीव्हीवर घोड्यांच्या शर्यतीच्या जाहिराती बघतात. शर्यती नाही, फक्त जाहिराती. त्यासुद्धा जपानी. जाहिरात संपून खरी शर्यत दिसायला लागली, घोडे त्या लोखंडी फाटकांमागे ओळीनं येऊन उभे राहिले, की दाऊदभाईंचा अंगठा रिमोटवर जातो.

"खलास," ते म्हणतात. "पुढचं आपल्या कामाचं नाय."

लग्नाला जाऊन मेंदी बघावी, आणि जेवणाची पंगत बसली की चपला शोधायला लागावं, तसा हा प्रकार. मी नवीन होते तेव्हा एकदा न राहवून विचारलं, "दाऊदभाई, शर्यत का नाही बघत?"

"बाय, शर्यतीत एक घोडा जिंकतो आणि सतरा हरतात. जाहिरातीत हरलेला एक घोडा दाखवा मना."

मला दाखवता आला नाही. तेव्हापासून आमची ओळख.

सौदी अरेबियात, हुफूफमधल्या एका खाजगी इस्पितळात मी आहारतज्ज्ञ आहे. माझ्याकडे डायलिसिसचा विभाग आहे. हुफूफ म्हणजे खजुराचं गाव. मैलोन् मैल बागा, आणि आमचे निम्मे पेशंट त्याच बागांचे मालक. किडनीच्या रोग्याला खजूर वर्ज्य, त्यातल्या पोटॅशियममुळे. रत्नागिरीला जाऊन कलमांच्या मालकाला 'आंबा तोंडात घालायचा नाही' असं सांगायचं, आणि तेही हंगामात, तर जे होईल ते माझं रोज होतं. सांगलीहून निघताना आईनं सांगितलं होतं, परक्या देशात कुणाशी वाकडं घेऊ नकोस. इथे पगारच वाकडं घेण्याचा मिळतो.

दाऊदभाई त्याच विभागात पाण्याच्या प्लॅंटवर आणि मशिनींवर आहेत. डायलिसिसला फार शुद्ध पाणी लागतं. ते तयार करायचं, तपासायचं, मशिनी नीट ठेवायच्या, हे त्यांचं काम. वय साठीला टेकलेलं, अंगानं सडपातळ, दाढी पांढरी आणि इतकी नेटकी कापलेली की तीसुद्धा दर महिन्याला सर्व्हिसिंगला जात असावी. मूळचे रायगडातले, श्रीवर्धनच्या बाजूचे. गळ्यात इस्पितळाचं ओळखपत्र आणि त्याच दोरीला एक निळा पेनड्राइव्ह. ओळखपत्र ते चारदा विसरलेत. पेनड्राइव्ह एकदाही नाही.

ह्या जाहिरातींचा नाद त्यांना लागला तो खफजीला. कुवेतच्या सरहद्दीजवळचं हे तेलाचं गाव. तिथल्या कंपनीच्या कॅम्पात तरुण दाऊदभाई पाण्याच्या प्लॅंटवर होते, आणि वरचे इंजिनिअर जपानी. त्यातले एक मोरीसाहेब. आडनावच तसं. दाऊदभाईंनी घरी पत्रात लिहिलं, 'मी रोज संध्याकाळी मोरीसाहेबांकडे बसतो', आणि उलट टपाली आईचं पत्र आलं, की साहेबाचं ठीक आहे, पण तू मोरीत का बसतोस? खोली मिळाली नाही काय?

मोरीसाहेबांना जपानहून त्यांची बायको व्हिडिओ कॅसेटी पाठवायची. तिकडच्या टीव्हीवरचे कार्यक्रम भरून. साहेब कार्यक्रम पुढे पळवायचे आणि जाहिराती थांबून बघायचे. त्यांचं म्हणणं, कार्यक्रम कुठलाही चालतो, पण जाहिरात बघितली की घरी कुठला मोसम चाललाय ते कळतं. त्या जाहिरातींत घोडे असत. दाऊदभाई शेजारी बसून बघत.

त्यामुळे दाऊदभाईंना कुठलीही शंका विचारली तरी उत्तर एकच. दाऊदभाई, मशीन बिघडलंय हे तुम्हाला आवाजावरून कसं कळलं? "खफजीला होतो ना मी." दाऊदभाई, तुम्हाला चहात इतकी साखर कशी चालते? "खफजीला होतो ना मी." आणि दाऊदभाई, तुम्हाला जपानी कसं कळतं? ह्यालाही तेच.

कारण विभागातल्या टीव्हीवर ते नुसत्या जाहिराती लावत नसत. अर्थही सांगत.

डायलिसिस चार तास चालतं. आठवड्यातून तीनदा, माणूस खुर्चीला जखडलेला. त्या चार तासांत टीव्हीवर काय लावायचं यावरून पूर्वी भांडणं व्हायची. एकाला बातम्या, एकाला फुटबॉल, एकाला काहीच नको. दाऊदभाईंनी एक दिवस आपला पेनड्राइव्ह खुपसला आणि विभाग शांत झाला.

एका जाहिरातीत बर्फ पडतंय. काळा घोडा उभा आहे, नाकातून वाफा निघतायत, आणि एक म्हातारा त्याची मान टॉवेलनं पुसतोय. मागून भारदस्त आवाजात कुणीतरी काहीतरी म्हणतं. दाऊदभाई आपल्या मोडक्यातोडक्या अरबीत सांगायचे, "घोडा म्हणतो, तूसुद्धा भिजलायस. आधी तू आत चल."

दुसरीत ऑफिसातली मुलगी लिफ्टमध्ये शिरते, दार उघडतं तर समोर हिरवं कुरण आणि तांबडा घोडा. "घोडा म्हणतो, दुपारी डबा खाल्लास का? खरं सांग."

तिसरीत अठरा घोडे अगदी सावकाश धावतात, मातीचे कण हवेत तरंगतात, व्हायोलिनं वाजतात. "म्हणतायत, कुणी दमलं तर हाक मारा. सगळे थांबू."

पेशंट अगदी गंभीरपणे माना हलवायचे. त्यांच्यातले सगळ्यांत ज्येष्ठ अबू हमद. पंच्याहत्तरीचे, मोठी बाग, मोठा आवाज, आणि माझा आहाराचा तक्ता मोठ्या आदरानं घेऊन त्याच्यावर चहाचा पेला ठेवणारे. त्यांच्या तरुणपणी घरी घोडी होती. ते काळ्या घोड्याची जाहिरात पुन्हा लावायला लावत. "अरे दाऊद, तो भिजलेला!" मग दाऊदभाई लावत, आणि पुन्हा तोच अर्थ, त्याच आवाजात सांगत. मी एकदा हळूच म्हटलं, "दाऊदभाई, ह्यात घोडा बोलतच नाही. बोलतोय तो माणूस."

"माणसाचं काय ऐकायचं? जाहिरात घोड्याची हाय."

एकदा ते आमच्याकडे जेवायला आले असताना माझ्या नवऱ्यानं उत्साहानं त्यांना रियाधला चलायचं आमंत्रण दिलं. तिथे मोठी शर्यत असते, जपानचे घोडेसुद्धा येतात, गाडीनं साडेतीन तास. दाऊदभाईंनी विचारलं, "तिथे जाहिराती दाखवतात?" नवरा म्हणाला, "अहो, तिथे खरे घोडे असतात." "मग राहू दे," दाऊदभाई म्हणाले, आणि त्याची निराशा झालेली बघून त्याला आमच्याच घरातली एक जिलबी दिली.

हे असंच चाललं असतं. पण मशिनींच्या वार्षिक तपासणीला कंपनीनं एक इंजिनिअर पाठवला, आणि तो निघाला जपानी.

पोरगेलासा, चष्मा लावलेला, अतिशय नम्र. मशीनपुढे गुडघे टेकून काम करत होता. तेवढ्यात टीव्हीवर बर्फातला घोडा आला. तो हातातला पाना तसाच धरून वर बघायला लागला. "हे इथे कसं?" त्यानं मला इंग्रजीत विचारलं. "मी लहान असताना ही लागायची!"

दाऊदभाईंची छाती दोन इंच फुगली. "विचारा बाय, विचारा त्यांना. काय म्हणतात ते सगळ्यांना कळू दे."

मी दाऊदभाईंचा अर्थ त्याला इंग्रजीत सांगितला आणि बरोबर आहे का विचारलं. तो ऐकून म्हणाला, "येत्या रविवारी मोठी शर्यत. तिकीटविक्री सकाळी नऊपासून."

मी मराठीत सांगितलं. दाऊदभाई हसले. "पोरगा लहान हाय. पुढची लावतो."

लिफ्टमधली मुलगी आली. इंजिनिअर म्हणाला, "पहिल्यांदा येणाऱ्यांनासुद्धा सोपं. अगदी थोड्या पैशांपासून सुरुवात करा."

"पैसे कशाचे?" दाऊदभाईंनी विचारलं.

आता मला अंदाज आला होता. पण तोवर अठरा घोडे आले, आणि तो भला माणूस आपण होऊनच सांगायला लागला, "पहिला कोण येणार? पैज तुमची."

मला ते मराठीत आणावं लागलं. पैज ह्या शब्दाला दुसरा सौम्य शब्द त्या क्षणी सुचला नाही.

आता खरं म्हणजे शर्यतीची जाहिरात दुसरी कशाची असणार? पण दाऊदभाईंच्या डोक्यात ते कधी आलंच नव्हतं. इथे रियाधला शर्यती होतात, त्यावर कुणी पैसे लावत नाही. जपानातही लोक नुसते घोडे बघायला जात असतील, अशी त्यांची पस्तीस वर्षांची समजूत. पाच वेळ नमाज पढणारा माणूस. त्यांच्या चेहऱ्याचं पाणीच उतरलं.

"जुगाराचं हाय हे?"

इंजिनिअरला काहीतरी चुकलं एवढं कळलं. तो उठून उभा राहिला, कमरेत वाकला आणि म्हणाला, "पण ह्यांचा अर्थ जास्त चांगला आहे." हेही मी मराठीत सांगितलं. दाऊदभाईंनी ऐकलं नाही. त्यांनी पेनड्राइव्ह काढला, दोरीत अडकवला नाही, खिशात घातला, आणि पाण्याच्या प्लॅंटच्या खोलीत निघून गेले.

टीव्ही रिकामा राहिला. विभागाची मुख्य नर्स, केरळची सिस्टर लिसी, हिनं त्यावर स्वयंपाकाचं चॅनल लावून दिलं.

पुढचे दहा-बारा दिवस दाऊदभाई कामापुरतं बोलत होते. मशीन ठीक हाय. पाणी ठीक हाय. चहा नको. मी दोनदा विषय काढला, त्यांनी दोन्हीदा पाण्याचा रिपोर्ट पुढे केला. अपमान झालाय, जाईल हळूहळू, असं मी धरून चालले.

मग अबू हमद यायचे थांबले. रविवारी आले होते, मंगळवारी नाही, गुरुवारी सकाळी नाही. डायलिसिस चुकवणं म्हणजे चेष्टा नाही. अंगात पाणी साठतं, छातीवर येतं, आणि त्यात त्यांनी खजूर खाल्ले असले तर हृदयच बंद पडायचं. सिस्टर लिसीनं फोन केले. त्यांची सून म्हणाली, ते कुणाचं ऐकत नाहीत, म्हणतात त्या खोलीत पाऊल टाकणार नाही.

दाऊदभाई तिथेच उभे होते. "माझ्यामुळे," ते म्हणाले. "दीनदार, नमाजी माणूस हाय. त्यांना जुगार दाखवला मी वर्षभर."

ते लगेच निघाले. मीही तक्ता घेऊन गाडीत बसले, निदान काय खाल्लंय ते तरी कळेल म्हणून.

दाऊदभाईंची गाडी जुनी, पण फोन तिला जोडलेला. गावाबाहेर पडून बागांच्या रस्त्याला लागलो आणि त्यांचा फोन वाजला. ते आवाज बारीक करायला गेले, बोट भलतीकडे पडलं, आणि गाडीभर एका बाईचा आवाज घुमला.

"अस्सलाम आलेकुम. दोन जुम्मे झाले, तुमचा घोडा नाय आला. बरे हाव ना? का मशिनीत अडकलाव? पुढच्या जुम्म्याला तरी धाडा."

मागे कोंबडी ओरडत होती. मेसेज संपला. दाऊदभाईंनी दोन्ही हात चाकावर ठेवले आणि समोर बघत राहिले. मीही खिडकीबाहेर बघितलं. खजुराची झाडं मागे जात होती.

"घरचं माणूस," शेवटी ते म्हणाले. "जुलेखा."

"तुम्ही वहिनींना घोडे पाठवता?"

मग त्यांनी सांगितलं. मोरीसाहेबांची बदली झाली तेव्हा ते टीव्ही, व्हीसीआर आणि कॅसेटींची पेटी दाऊदभाईंना देऊन गेले. त्याच वर्षी जुलेखावहिनींना तीन महिन्यांचा व्हिसा मिळाला. लग्नानंतर पहिल्यांदाच दोघं एका घरात. दाऊदभाई दिवसभर प्लॅंटवर, आणि ती खफजीच्या त्या खोलीत एकटी, ना भाषा, ना शेजार. ती कॅसेटी लावून बसायची. कार्यक्रमांत नुसती बडबड, म्हणून तिला घोडे आवडले. संध्याकाळी हे आले की ती घोडा लावायची आणि सांगायची, हा असं म्हणतो.

"म्हणजे ते अर्थ तुमचे नाहीत?"

"मना काय जपानी येतंय, बाय?"

तीन महिने संपले, ती परत गेली. घरच्यांना कायमचं आणायला परवानगी मिळेल असली नोकरी दाऊदभाईंची कधी नव्हती. मग दोन वर्षांतून एकदा सुट्टी. मुली झाल्या, शिकल्या, लग्न होऊन गेल्या. फोन आले, पण फोनवर बोलणार काय? जेवलात काय, जेवलो. पाऊस कसा हाय, बरा हाय. तीन मिनिटांत संपायचं. पुढे मोबाइल आला, त्यावर जपानच्या नव्या-जुन्या जाहिराती मिळायला लागल्या. दाऊदभाई दर शुक्रवारी एक पाठवायचे, आणि जुलेखावहिनी ती बघून घोडा काय म्हणतो ते सांगायच्या. त्यात अर्धा अर्धा तास जायचा.

"मग आता धाडू काय तिला?" ते म्हणाले. "सट्ट्याची तिकिटं?"

गाडी बागेत शिरली.

अबू हमद झाडाखाली बाजेवर बसले होते. पाय सुजलेले, श्वास जड. दाऊदभाई त्यांच्यापुढे जमिनीवरच बसले आणि हात जोडल्यासारखे करून अरबीत माफी मागायला लागले, की मला माहीत नव्हतं, ती शर्यतीच्या तिकिटांची, पैजेची जाहिरात आहे हे त्या जपानी पोरानं सांगितलं, ते हराम होतं, मी आता काढून टाकलंय.

अबू हमद ऐकत राहिले आणि मग एकदम भडकले. "काढून टाकलंस, आणि त्याच्या जागी काय लावलंस? आख्खा बकरा! भातावर ठेवलेला! वर तूप ओततायत! ही बाई," माझ्याकडे बोट दाखवून, "मला काकडी मोजून देते, आणि तू चार तास मला बकरा दाखवतोस! मी नाही येणार तिथे!"

मी तोंडावर तक्ता धरला.

"पण ती जाहिरात जुगाराची—" दाऊदभाई म्हणाले.

"मी पैसे लावले? तू लावलेस?"

"नाही."

"तो जपानी पोरगा म्हणाला ते माणसाचं बोलणं. माणूस तिकिटं विकतो. तू सांगत होतास ते घोड्याचं. घोडा काय विकतो?" त्यांना धाप लागली. "यल्ला, उठव मला. पाय जड झालेत."

आम्ही दोघांनी धरून त्यांना गाडीत बसवलं. उशीखालून खजुराचा डबा निघाला, तो मी घेतला. तासाभरात ते मशीनवर होते, आणि सिस्टर लिसीला न विचारता दाऊदभाईंनी बकरा बंद केला. पेनड्राइव्ह मात्र लावला नाही. "आधी घरी सांगतो," ते म्हणाले. "तिला फसवून नको."

शुक्रवार गेला. रविवारी मी कामावर आले तर दाऊदभाई पाण्याच्या प्लॅंटच्या दारात माझी वाट बघत उभे. आत पंपांचा आवाज इतका, की ते मला जिन्यापाशी घेऊन गेले आणि फोन पुढे केला.

"सगळं खरं सांगितलं मी तिला. सट्टा, तिकीट, सगळं. आणि एक शेवटचा घोडा धाडला. त्यावर हे आलंय. ऐका. मी चारदा ऐकलं, मना नीट कळत नाय."

मी फोन कानाला लावला.

"तुम्ही सांगताव ते मना ठाऊक होतं," जुलेखावहिनी म्हणत होत्या. आवाज संथ, घाई नसलेला. "खफजीलाच दिसलं होतं. कॅसेटीत तिकिटाच्या खिडकीसमोर माणसं नोटा घेऊन उभी. मी काय आंधळी हाय? पण तुम्ही कामावरून यायचाव, बसायचाव आणि विचारायचाव, घोडा काय म्हणतो. जुलेखा काय म्हणते, ते कधी विचारलंत नाय. मग मना जे बोलायचं होतं ते मी घोड्याला बोलायला लावलं." मागे भांडं ठेवल्याचा आवाज. "ह्या जुम्म्याचा घोडा बघितला. काय म्हणतो ते फोनवर नाय सांगणार. इथे येऊन बसा, मग सांगते."

मी फोन परत दिला. दाऊदभाई माझ्या तोंडाकडे बघत होते.

"रागावलीय काय?"

"नाही," मी म्हटलं.

"मग?"

"मराठीच आहे, दाऊदभाई. सरळ आहे."

ते मान खाली घालून फोनच्या काळ्या काचेवरून अंगठा फिरवत राहिले. वर विभागात अबू हमदांचा आवाज चढला होता, कुणाला तरी टीव्हीवरून झापत होते. दाऊदभाईंनी डोळे पुसले नाहीत, पण चष्मा काढून तो शर्टाला बराच वेळ पुसला.

"सुट्टीचा अर्ज आता कॉम्प्युटरवर करतात ना?" त्यांनी विचारलं. "मना येत नाय ते."

आम्ही माझ्या टेबलाशी गेलो. मी त्यांचा नंबर घातला, नाव घातलं. कारणापुढे 'कौटुंबिक' लिहिलं. मग दिवसांचा रकाना आला.

"किती साठलीय?" त्यांनी वाकून विचारलं.

मी आकडा सांगितला. चार वर्षांत ते गेलेच नव्हते.

"सगळी घाला," दाऊदभाई म्हणाले.